सिस्टर, ब्रदर, फादर व्हायचंय. पण कोणत्या संघात?

बेळगावजवळच्या खानापूर-चंदगड पट्ट्यात पाचारण, म्हणजे देवाच्या सेवेची हाक, जाणवलं की मुलं सहसा ओळखीच्या दारात जातात. शाळेत शिकवलेल्या सिस्टर किंवा मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येणारे फादर ज्या संघाचे, म्हणजे व्रतस्थांच्या ज्या कॅथलिक संस्थेचे, त्याच संघात अर्ज जातो. त्यात गैर काही नाही, पण संघ कामावरून निवडू नका. शाळा, दवाखाना, वसतिगृह ही कामं अनेक संघ करतात, आणि बदलीचा आदेश आला की दहा वर्षं गणित शिकवलेली सिस्टर दुसऱ्या गावी वसतिगृह सांभाळते. काम बदलतं, पण संघाच्या घरातला, म्हणजे सगळे एकत्र राहतात तिथला, दिवसक्रम बहुतेक तोच राहतो. तो आधी पाहा.

पहिल्यांदा जीवनप्रकार ठरवा. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या (प्रमुख धर्मगुरूंच्या) अखत्यारीतला भाग. धर्मप्रांताचे फादर बिशपांपुढे ब्रह्मचर्य पत्करतात आणि आज्ञापालनाचं वचन देतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. सेवा बहुधा आपल्याच धर्मप्रांतात होते. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. कोल्हापूर जिल्ह्यातला चंदगडसारखा भागही त्यातच येतो, त्यामुळे तिथला मुलगा महाराष्ट्रात राहत असूनही बेळगावच्या बिशपांकडे जातो. संघात मात्र दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रतं घेऊन सामुदायिक जीवन जगायचं असतं. काही संघांचं चौथंही व्रत असतं. मदर तेरेसांच्या सिस्टर गरिबातल्या गरिबांची विनामूल्य सेवा करण्याचं व्रत घेतात. कार्मेलसारख्या बंदिस्त मठात गेलात तर बाहेरचं कामच नाही. प्रार्थना, मौन आणि मठाच्या भिंती.

मग प्रांत पाहा. ही गोष्ट आपल्याकडे हमखास राहून जाते. मोठ्या संघांचे प्रांत, म्हणजे कारभाराचे विभाग, असतात आणि तुम्ही प्रत्यक्षात एका प्रांतात दाखल होता. प्रांत गोव्याकडचा असेल तर कोकणी लागेल, कर्नाटकातला असेल तर कन्नड. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचं शिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच. मराठी माध्यमातून आलेल्यांनी सरळ विचारावं: नॉव्हिशिएटच्या (पहिल्या व्रतांआधीच्या प्रशिक्षणाच्या) आधी इंग्रजीसाठी वेळ देता का, मराठी भागात तुमची घरं किती? बेळगाव कॅम्पातली १८५६ सालची सेंट पॉल्स शाळा येशूसंघ (जेज्विट) चालवतो, म्हणून प्रत्येक येशूसंघीय बेळगावातच राहील असं कोणी धरून चालू नये.

दोन-तीन संघ निवडून प्रत्येकाकडे तीन-चार दिवस राहा. मे महिन्याच्या पाचारण शिबिरात सगळे हसतमुख असतात, गाणी होतात, फोटो निघतात. त्यावर निर्णय घेणं म्हणजे मांडवातली रोषणाई पाहून सोयरीक पक्की करणं. साध्या आठवड्यात जा. पहाटेच्या प्रार्थनेला किती जण हजर असतात, जेवताना काय बोलतात, भांडी कोण घासतं, आजारी म्हाताऱ्या सिस्टरांच्या खोलीत दिवसातून कोण डोकावतं, हे बघा. मोबाइल, घरभेट आणि खर्चाचे पैसे यांचे नियम विचारा. गेल्या काही वर्षांत किती जण सोडून गेले, हेही विचारा. या प्रश्नावर शांतपणे उत्तर देणारं घर आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं.

पैसे मागणारे, घरी सांगू नका म्हणणारे, पहिल्याच भेटीत तारीख ठरवणारे: तिथून परत फिरा.

निर्णयासाठी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची रीत वापरा. प्रत्येक संघासाठी जाण्याचे लाभ-तोटे आणि न जाण्याचे लाभ-तोटे वेगवेगळे लिहा. तुमच्यासारख्याच एखाद्या अनोळखी व्यक्तीला काय सल्ला द्याल? मृत्युशय्येवर असताना कोणता निर्णय घेतला असता तर बरं, असं वाटेल? मन कोरडं आणि उदास असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. आनंदाच्या भरातही घाईनं शब्द द्यायचा नाही. आध्यात्मिक मार्गदर्शक त्या संघाबाहेरचा असलेला बरा. लग्न टाळायला, नापास झाल्यामुळे किंवा घरच्या कटकटीपासून सुटायला जात असाल, तर ते आधी या मार्गदर्शकापुढे बोला.

कागदपत्रांत बाप्तिस्मा व दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले आणि अविवाहित असल्याचा दाखला लागतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतलं नाव रोमन लिपीत, शाळेचा दाखला मराठीत, आधार कन्नडमध्ये. आडनावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं निघतं. आधीच दुरुस्त करून घ्या. १७ वर्षं पूर्ण होण्याआधी नॉव्हिशिएटमध्ये घेतलं तर तो प्रवेश ग्राह्य नसतो. फेडता न येणारं कर्ज असेल तर घेत नाहीत, तेव्हा पतसंस्थेचं कर्ज मिटवा आणि कोणाला जामीन राहिला असाल तर तेही सांगा.

नॉव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं, जास्तीत जास्त दोन वर्षांचं ठरवता येतं; त्यात एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर ते ग्राह्य धरत नाहीत. या काळात कधीही सोडता येतं. पुढे साधारण तीन ते सहा वर्षं तात्पुरती व्रतं, आणि वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्यावरच आजीवन व्रतं.

जमिनीचं एक सांगायला हवं. पहिल्या व्रतांआधी मालमत्तेची व्यवस्था कोणाकडे द्यायची ते ठरवावं लागतं, आणि आजीवन व्रतांआधी कायद्यानं ग्राह्य असं मृत्युपत्र करावं लागतं. मुलगी कॉन्व्हेंटला निघाली की काही घरांत लगेच हक्कसोडपत्रावर सही मागतात. ती तेव्हा देऊ नका. तात्पुरत्या व्रतांच्या काळात परत यावं लागलं, तर उताऱ्यावर नाव राहिलेलं असावं.