इंग्रजी वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ कसा साधावा

‘मुलाने कविता वाचली’ आणि ‘मुलाने निबंध वाचला’ या वाक्यांत कर्ता एकच असूनही क्रियापदाचे रूप कर्मानुसार बदलले आहे. इंग्रजीत असे घडत नाही. तेथे क्रियापद केवळ कर्त्याचे वचन आणि पुरुष पाहते, कर्म किंवा लिंग पाहत नाही. म्हणून वाक्य जुळवताना सर्वांत आधी खरा कर्ता शोधावा.

साध्या वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल, तर क्रियापदाला ‘एस’ किंवा ‘ईएस’ लागतो: ‘शी वर्क्स’, पण ‘दे वर्क’. नामाला लागलेला ‘एस’ बहुधा अनेकवचन दाखवतो आणि क्रियापदाला लागलेला एकवचन, त्यामुळे ‘द बॉय रन्स’ आणि ‘द बॉइज रन’ या प्रत्येक वाक्यात तो एकदाच येतो: पहिल्यात क्रियापदाला, दुसऱ्यात नामाला. नकारात किंवा प्रश्नात हे काम ‘डझ’ करते व मूळ क्रियापद साधे राहते: ‘शी डझ नॉट वर्क’. ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ यांच्यानंतरही ते साधेच असते. साध्या भूतकाळात तर ‘वॉज’ आणि ‘वेअर’ एवढीच जोडी सांभाळावी लागते.

खरी कसोटी कर्ता लांबलचक असतो तेव्हा लागते. ‘द लिस्ट ऑफ नेम्स इज ऑन द टेबल’ या वाक्यात क्रियापदाच्या लगत ‘नेम्स’ आहे आणि कानाला ‘आर’ बरोबर वाटू लागते. पण टेबलावर आहे ती यादी. अशा वेळी ‘ऑफ’पासून क्रियापदापर्यंतचा भाग बोटाने झाकावा आणि उरलेले वाचावे. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज हिअर’ हेही याच रीतीने सुटते. ‘द टीचर, अलाँग विथ हर स्टुडंट्स, इज वेटिंग’ येथे विद्यार्थी सोबत असले तरी कर्ता शिक्षिकाच आहे. ‘अँड’ने जोडले असते, तर मात्र ‘आर’ आले असते. ही युक्ती काही ठिकाणी फसते, ते नीट लक्षात ठेवावे: ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल’ येथे कर्ता संख्या आहे, पण ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर अ‍ॅब्सेंट’ येथे ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे केवळ ‘बरेच’ आणि कर्ता विद्यार्थी.

मराठीच्या सवयीमुळे होणाऱ्या दोन चुका मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. आपण ‘सगळे आले आहेत’ म्हणतो, पण ‘एव्हरीवन’, ‘एव्हरीबडी’, ‘ईच’ हे शब्द एकवचनी आहेत: ‘एव्हरीवन इज हिअर’. तसेच ‘वडील घरी आहेत’ यातील आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नाही, म्हणून ‘माय फादर इज अ‍ॅट होम’ असेच म्हणावे. त्यात अनादर नाही.

काही नामे फसवी असतात. ‘न्यूज’, ‘फर्निचर’ आणि ‘इन्फर्मेशन’ यांना ‘इज’ लागते, तर ‘पोलीस’, ‘पीपल’ आणि ‘सिझर्स’ यांना ‘आर’.

‘देअर’ने सुरू होणाऱ्या वाक्यात कर्ता क्रियापदानंतर येतो, म्हणून बोलण्यापूर्वी पुढचे नाम मनाशी ठरवावे: ‘देअर इज अ बुक’, ‘देअर आर टू बुक्स’. सहज बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही अनेकवचनापुढे ‘देअर्ज’ म्हणून जातात, परंतु लेखनात ‘देअर आर’ हेच वापरावे.