ग्रँड कॅन्यनमध्ये दिवसभराची भटकंती: सिंहगडवाल्यांनो, या चुका टाळा

मे महिना लागला की फीनिक्सला आमच्या घरी पाहुण्यांचा राबता सुरू होतो. त्यातल्या निम्म्या मंडळींचं आधीच ठरलेलं असतं: ग्रँड कॅन्यनला जायचं, आणि नुसते कड्यावरून फोटो काढून परतायचं नाही, आत उतरायचं. उतरा की! पण दर उन्हाळ्यात तेच ते प्रकार बघून आणि तेच ते समजावून आता तोंड दुखायला लागलंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

दरीला गड समजणं

बाकी सगळ्या चुका हिच्याच पोटातल्या. आपल्याला सवय गडांची. आधी चढायचं, दमलो तर अर्ध्यातून मागे फिरायचं, उतार काय, निभावून नेता येतो. इथे सगळं उलटं. सकाळची गार हवा, आखीव वाट, समोर तांबडे-पिवळे थर, आणि पाय आपोआप चालत राहतात. दम लागत नाही, त्यामुळे मागे फिरायचं सुचतच नाही. सुचतं तेव्हा सगळी चढण बाकी असते, ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि बाटली तळाला गेलेली असते.

थोडे आकडे. दक्षिणेकडच्या कड्यावरून दरीत उतरणारी साउथ कैबाबची वाट सुरू होते ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेपाचशे मीटर वर, आणि तिथे हवा विरळ. या वाटेवरचा स्केलेटन पॉइंट तीन मैलांवर आणि सुमारे 620 मीटर खाली. ढोबळमानाने आतकरवाडीतून सिंहगड, फक्त उलटा. नदी तिथूनही आणखी आठशेच्या वर मीटर खाली राहते. त्यात खाली जाल तसा उकाडा वाढतो. तळाशी वरच्यापेक्षा दहा-अकरा अंश जास्त, आणि उन्हाळ्यात पारा सावलीतही सहज चाळिशी ओलांडतो.

आता आमच्या साडूंचं ऐका. माणूस काटक, दर रविवारी सिंहगड, तोही घड्याळ लावून. जूनमध्ये आले. लॉजवर निवांत नाश्ता झाला, 'आधी चहा, मग बघू' झालं, आणि वाटेला लागेस्तोवर साडेनऊ वाजले. सिडर रिजला, म्हणजे दीड मैलावर, आम्ही दोघं थांबलो. तिथे खुरटी झाडं आणि स्वच्छतागृहं आहेत, पाणी नाही. 'भावोजी, इथूनच फिरू या,' बायको म्हणाली. पण स्केलेटन पॉइंटवरून कोलोरॅडो नदी पहिल्यांदा दिसते, असं कुठेतरी वाचलेलं. 'नदी न बघता जायचं? अर्ध्या-पाऊण तासात येतो,' म्हणून ते भाच्याला घेऊन सुटले. दोघांत मिळून एक लिटरची बाटली.

परत दिसले ते दीड वाजता. टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे, चेहरा राखेसारखा, आणि वीस पावलं चालायची की दगडावर बसायचं. आम्ही पुढे केलेल्या पुडीतले खारे शेंगदाणे उचलताना बोटं थरथरत होती. पहिलं पाणी पोटात टिकलंच नाही. सुदैवाने पार्कची एक स्वयंसेविका वाटेवर होती. तिने त्यांना झाडाच्या टीचभर सावलीत बसवलं, अंगावर पाण्याचा फवारा मारला, खारी बिस्किटं एकेक करून खायला लावली आणि चारपर्यंत उठू दिलं नाही. मधूनच खेचरांचा तांडा वर गेला. साडू त्या खेचरांकडे असे बघत होते की काही विचारू नका. दीड मैल चढायला अडीच तास लागले. भाच्याला काही झालं नाही, हे त्यांना जास्त लागलं.

यावर माझा उपाय पद्धतशीर वगैरे नाही, सवयीचा आहे. पाण्याचा तिसरा हिस्सा संपला की मी मागे फिरतो. पुढच्या वळणावर काहीही असो. दोन हिस्से चढणीला, कारण चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा लागतो. उन्हाळ्यात पहाटे पाचच्या सुमाराला वाटेवर, दहाच्या आत वर. दहा ते चार ही वेळ चढणीची नव्हेच, हे रेंजरही सांगतात. आणि नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत येण्याचं खूळ असेल तर ते पुण्यातच ठेवून या. 'अमक्याने केलं' म्हणून सांगणारे भेटतात. तो अमका कोणत्या महिन्यात गेला होता, ते आधी विचारा.

नुसतं पाणी ढोसणं

एकदा धडा मिळाला की लोक दुसऱ्या टोकाला जातात. घटाघटा पाणी पितात आणि खात काहीच नाहीत, कारण उन्हात भूक मरते. घामावाटे मीठ जातं, वरून साध्या पाण्याचा मारा, आणि रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं. लक्षणं उन्हाच्या तडाख्यासारखीच दिसतात, म्हणून सोबतचे आणखी पाणी पाजतात. हे जिवावर बेतू शकतं. माझ्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, खारे दाणे आणि घरचा चिवडा असतोच. भूक असो-नसो, दर थांब्याला मूठभर तोंडात. नुसत्या चॉकलेटच्या वड्यांवर दिवस काढणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

वाटेवरच्या नळांवरही विसंबू नका. साउथ कैबाबवर पाणी नाही, अगदी खालच्या तळापर्यंत नाही. ब्राइट एंजल या दरीत उतरणाऱ्या दुसऱ्या वाटेवर दीड आणि तीन मैलांच्या विसावाघरांपाशी नळ आहेत, पण ते ठरावीक मोसमातच चालू असतात, आणि दरीतून येणारी जुनी जलवाहिनी वरचेवर फुटते. त्याच दिवशी सकाळी चौकशी करा, आणि तरीही आपलं पाणी आपल्या पाठीवर.

बाकीचं थोडक्यात

लास व्हेगासहून बुकिंग करताना 'वेस्ट' हा शब्द नीट वाचा. काचेचा स्कायवॉक आहे तो ग्रँड कॅन्यन वेस्टला, हुआलापाई लोकांच्या जमिनीवर. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही, तिथे पार्कचा पास चालत नाही, आणि या लेखातल्या वाटा तिथे नाहीत. या वाटा जिथून सुटतात तो साउथ रिम, म्हणजे दक्षिणेकडचा कडा, व्हेगासहून साडेचार तासांवर आहे.

साउथ कैबाबच्या तोंडापर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही. फुकट शटल बस आहे, तिचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा.

खेचरं आली की बोलणं बंद, दरीच्या बाजूला नव्हे, कड्याच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि हाकणारा सांगेल ते ऐकायचं. रील नंतर.

खारींना खायला घालू नका. गोड दिसतात, कडकडून चावतात.

नवे बूट घालून येणाऱ्यांना सांगून उपयोग नसतो. निदान पायाची नखं कापा, उतारावर बोटं पुढे आदळतात.

मार्चमध्येही ब्राइट एंजलच्या वरच्या वळणांवर बर्फाची काच असते. बुटांना लावायचे काटे कड्यावरच्या गावातल्या दुकानात मिळतात. जुलै-ऑगस्टला दुपारी विजा कडाडतात, तेव्हा कड्याच्या टोकावर हात पसरून उभं राहणं म्हणजे कमाल आहे.

आणि कड्यावरच्या वाटेला कमी लेखू नका. 'ती म्हाताऱ्यांची,' असं म्हणणारे बहुतेक करून सिडर रिजला दगडावर बसलेले सापडतात. हर्मिट्स रेस्टपर्यंत ही वाट साधारण 13 मैल जाते, बराचसा भाग सपाट, आणि कंटाळा आला की शटल. आईवडील सोबत असतील तर मी सरळ हाच बेत करतो. सूर्यास्त होपी पॉइंटला बघायचा असेल तर स्वेटर आणि टॉर्च घ्या. जूनमध्येसुद्धा दिवस मावळला की तिथे थंडी वाजते, आणि बसच्या रांगेत सगळं गाव उभं असतं.