व्हॅलेंटिनामध्ये मापाबरहुकूम ब्लाउजचा पॅटर्न

कपड्यांचे पॅटर्न (कापड बेतण्याचे आराखडे) आखण्याच्या व्हॅलेंटिना या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या 'टेप' या प्रोग्रॅममध्ये प्रथम वैयक्तिक मापांची फाइल तयार करून छाती, कंबर, खांदा, मुंढा ही मापे सेंटिमीटरमध्ये भरावीत. पॅटर्न आखताना मात्र रेषेची लांबी आकड्यात न देता सूत्रात द्यावी: छातीचा घेर ८८ असल्यास पुढच्या अर्ध्या भागाची रुंदी थेट २४ न लिहिता 'छातीचा घेर भागिले ४, अधिक २ (सैलपणासाठी)' अशी मांडावी, म्हणजे दुसऱ्या व्यक्तीच्या मापांची फाइल जोडताच सगळा पॅटर्न नव्याने आखला जातो. हे सुरुवातीला वेळखाऊ वाटते. पण सूत्रेच टाळायची असतील, तर खाकी कागद आणि पट्टी काय वाईट? शिलाईसाठीचे मार्जिन शेवटी, तुकडे तयार करताना द्यावे. ए-४ कागदांवर छापताना प्रमाण १०० टक्के ठेवावे आणि छापलेली एखादी रेषा मोजून पाहिल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये.