इंदूरच्या पिनकोडाचे अवयव कसे पाडाल

४५२००१. चार लाख बावन्न हजार एक. इंदूर जीपीओचा हा पिनकोड नुसती संख्या म्हणून घ्या आणि त्याचे मूळ अवयव पाडा. कागद-पेन आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे.

शेवटी १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १२. ३ ने भाग जातो, ९ ने नाही.

७, ११ आणि १३ साठी तीन वेगळे भागाकार नकोत. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून वजाबाकी करा: ४५२ − ००१ = ४५१. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून या तिघांपैकी ज्याने ४५१ ला भाग जातो त्यानेच ४५२००१ लाही जातो. इथे फक्त ११. हमखास चूक इथेच होते. ४५१ = ११ × ४१ दिसले की ४१ लाही अवयव धरून मोकळे होतात. पण ४१ काही १००१ चा विभाजक नाही, त्याच्याबद्दल ही युक्ती काहीच सांगत नाही. प्रत्यक्ष भागून पाहा, बाकी १७ उरते.

सापडलेले अवयव लगेच काढून टाका: ४५२००१ ÷ ३३ = १३६९७. हे न करता पुढे गेलात तर वर्गमूळ ६७२ च्या घरात, म्हणजे १२१ मूळ संख्या तपासायच्या. १३६९७ चे वर्गमूळ जेमतेम ११७. त्याला ३ आणि ११ पुन्हा लावून बघा, जात नाहीत. मग १७ ते ११३ पर्यंतच्या मूळ संख्यांचे २४ भागाकार. काम कंटाळवाणे आहे, आणि घाई केली की फसते: १०७ ने भागल्यावर पडद्यावर १२८.००९ येते, ते १२८ च वाटते. उलटा गुणाकार करा. १०७ × १२८ = १३६९६, एक उरतो. ८३ लाही बाकी अवघी २. कशानेच भाग जात नाही, तेव्हा १३६९७ मूळ.

४५२००१ = ३ × ११ × १३६९७

आता बाकीचे सोपे. प्रत्येक अवयव एकदाच आलाय, म्हणून विभाजक २ × २ × २ = ८. त्यांची बेरीज ४ × १२ × १३६९८ = ६५७५०४; त्यातून ४५२००१ वजा केले की २०५५०३, त्या संख्येच्या निम्म्याहून कमी. दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या लिहिता येत नाही, कारण ३ आणि ११ यांना ४ ने भागल्यावर ३ उरतात आणि दोन्ही एकेकदाच आलेत. एकट्या १३६९७ ला मात्र ते जमते: ८९² + ७६².

इंदूरच्याच विजयनगरचा ४५२०१० करून बघा. ४५२ − १० = ४४२ = १३ × ३४, म्हणजे १३ लागला; ३४ मधला १७ धरू नका. फोड २ × ३ × ५ × १३ × १९ × ६१, विभाजक ६४.