जुन्या मोबाईलच्या बॉडीत आपल्या ताब्यातला फोन: मॉडेमची वीज हातात कशी घ्यावी

बंद पडलेल्या स्मार्टफोनचा मदरबोर्ड काढून त्याजागी आपल्या मर्जीनं चालणारा बोर्ड सरळ बसवता येत नाही. प्रत्येक मॉडेलच्या स्क्रीनचा कनेक्टर वेगळा, ड्रायव्हर वेगळा आणि त्याची माहिती कंपन्या देत नाहीत. ओपनमोको प्रकल्पाच्या निओ फ्रीरनर या खुल्या फोनच्या बॉडीत बसणारा जीटीए04 हा तयार बदली बोर्ड निघाला होता, पण असे प्रयत्न मोजकेच. त्यामुळे जुनी बॉडी ठेवून आत नवी जोडणी करायची: रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, वेगळी स्क्रीन आणि वेगळा मॉडेम (मोबाईल नेटवर्कशी बोलणारा भाग). जुन्या फोनच्या आतून इयरपीस आणि व्हायब्रेशन मोटर एवढंच काढून घ्या. स्क्रीन, कॅमेरा आणि अँटेना उपयोगी पडत नाहीत. फुगलेली बॅटरी तर अजिबात वापरू नका.

नव्या रचनेतही मॉडेमच्या आतलं सॉफ्टवेअर बंदिस्तच राहतं. रास्पबेरी पायचं बूट फर्मवेअर (चालू होताना लागणारं आतलं सॉफ्टवेअर) हेही पूर्ण खुलं नाही. तरी हा खटाटोप करण्यासारखा आहे, कारण बहुतेक फोनमध्ये मॉडेम मुख्य चिपच्या पोटातच असतो आणि 'एअरप्लेन मोड' लावला की तो खरंच गप्प झाला का, हे आपल्याला पाहता येत नाही. इथे मॉडेम यूएसबी केबलच्या पलीकडे बसतो आणि त्याची वीज आपण स्विचनं तोडतो.

काय घ्यायचं

रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू (65 × 30 मिमी, 512 एमबी रॅम), 3.5 इंची टचस्क्रीन, 3000 एमएएचची संरक्षक सर्किट असलेली लिथियम पॉलिमर बॅटरी, 5 व्होल्ट 3 अँपिअरचा बूस्ट कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा) आणि सिमकॉम एसआयएम7600 मॉडेमचा बोर्ड. मॉडेम ई-एच किंवा जी-एच प्रकारचाच घ्या. ए-एच स्वस्तात दिसला तरी तो अमेरिकेच्या बँडचा (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचा) आहे. आपल्याकडे जिओचं 4जी बँड 3, 5 आणि 40 वर चालतं. रेझिस्टर, कपॅसिटर, वायर सांगली-साताऱ्यात मिळून जातील. मॉडेमचा बोर्ड ऑनलाइन मागवा, नाहीतर पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारा.

सिमचंही आधीच ठरवा. जिओकडे 2जी नाही, म्हणजे कॉल फक्त व्होएलटीईवर (4जी वरून आवाज) जातो आणि त्यासाठी मॉडेममध्ये त्या कंपनीचं प्रोफाइल (सेटिंगचा संच) जुळावं लागतं. पहिली चाचणी एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर करा. त्यांचं 2जी चालू असल्यामुळे कॉल तिकडे वळतो.

स्विचचं काम

बाजारातले छोटे स्लाइड स्विच अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेरचे असतात. मॉडेम क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतो, म्हणून थेट लावलेल्या स्विचचे काँटॅक्ट जळतात. मध्ये एओ3401 हा पी-चॅनल मॉस्फेट (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच; त्याची तीन टोकं गेट, सोर्स आणि ड्रेन) घाला. सोर्स 5 व्होल्टच्या बाजूला, ड्रेन मॉडेमच्या बाजूला. उलटा लागला तर आतल्या डायोडमधून वीज जातच राहते आणि स्विच नावापुरता उरतो. गेट आणि सोर्सच्या मध्ये 100 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. गेटपासून 10 किलोओहममधून स्विच आणि तिथून ग्राउंड. हा कपॅसिटर मॉस्फेटला हळू उघडायला लावतो, नाहीतर चालू करताच सगळा फोन रीस्टार्ट होतो.

मॉडेमचा बोर्ड रास्पबेरी पायच्या पिनांवर खोचू नका, वीज तिथूनही जाते. आणि सगळ्यात जास्त फसगत होते ती यूएसबी केबलमध्ये. मॉस्फेट बंद असला तरी केबलच्या लाल वायरमधून 5 व्होल्ट मॉडेमला मिळतातच. ती वायर तोडा. पायकडच्या टोकाला टेप लावा, मॉडेमकडचं टोक मॉस्फेटच्या ड्रेनला जोडा. मॉडेमकडचं टोक नुसतंच लोंबकळत ठेवलं तर मॉडेम यूएसबीवर दिसेलच याची खात्री नाही, कारण केबल लागल्याचं तो त्याच वायरवरून ओळखतो. काळी, पांढरी आणि हिरवी वायर तशीच राहू द्या. मुख्य वीज मात्र ड्रेनपासून बोर्डाच्या 5 व्होल्ट पिनपर्यंत वेगळ्या जाड, आखूड वायरनं न्या. मग स्विच बंद करून त्या पिनवर मल्टिमीटर धरा. काही सेकंदांत आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली यायला हवा. एक-दीड व्होल्टवर अडकला तर कुठूनतरी चोरवाट उरली आहे. ती सापडेपर्यंत बॉडी बंद करू नका.

माइकच्या वायरवर साधा स्लाइड स्विच पुरतो.

वीज आणि घाट

मॉडेमच्या अगदी जवळ, मॉस्फेटनंतर, 1000 मायक्रोफॅरडचा 10 व्होल्टी कपॅसिटर लावा. सांगलीत विश्रामबागला टॉवरजवळ सगळं सुरळीत चालतं आणि कोयनेच्या खोऱ्यात किंवा बामणोलीकडे गेलं की मॉडेम यूएसबीच्या यादीतून गायब होतो. सिग्नल क्षीण झाला की मॉडेम पूर्ण जोर लावतो, क्षणभर व्होल्टेज कोसळतं. मल्टिमीटर तो झटका पकडत नाही, म्हणून जाड वायर आणि कपॅसिटर यांवर काटकसर नको.

टीपी4056 हा छोटा चार्जर बोर्ड वापरत असाल तर चार्जिंगच्या वेळी फोन बंद ठेवा. फोन चालू असला तर बॅटरी भरली हे त्याला कळत नाही. उन्हाळ्यात जत-आटपाडीकडे गाडीत ठेवून चार्ज करणं टाळा, सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. एका चार्जमध्ये चार-पाच तास धरा.

चाचणी

अँटेना लावल्याशिवाय मॉडेम चालू करू नका. तिचा चिमुकला कनेक्टर साधारण 30 वेळाच काढता-घालता येतो, तेव्हा एकदाच नीट बसवा. पायचं डेटा पोर्ट एकच आहे. शेजारचं फक्त विजेचं, तिथे केबल लावून 'मॉडेम दिसत नाही' म्हणून वेळ घालवू नका. एटी कमांडनं (मॉडेमला पाठवायची मजकुरी आज्ञा) आधी सिग्नल विचारा: 0 ते 31 मध्ये उत्तर येतं, 10 च्या खाली कमजोर, 99 म्हणजे कळलं नाही. कॉल लावताना नंबरनंतर अर्धविराम (;) द्यायलाच हवा, नाहीतर मॉडेम तो डेटा कॉल समजतो. 2जी कॉलमध्ये बोलताना गुणगुण ऐकू आली तर ती 217 हर्ट्झची, मॉडेमच्या स्पंदांची आहे. माइकला शील्डेड (धातूच्या आवरणाची) वायर घाला आणि अँटेना तीन-चार सेंटिमीटर दूर न्या.

वीज तोडण्याआधी मॉडेमला बंद होण्याची कमांड द्या. आयएमईआय (मॉडेमचा ओळख क्रमांक) बदलण्याच्या भानगडीत पडू नका: 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि घाटात जाताना 112 लावता येईल असा साधा फोन सोबत ठेवाच.