पेपरमधला पुरावा आणि तीन वाजताचं पाणी

एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला, ॲडमिशन घेतलेल्या, किंवा घेऊ का नको करणाऱ्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा 'स्टॅटिस्टिक्स झेपेल का?' पगार सुरुवातीला बेताचाच असतो. स्टॅटिस्टिक्स झेपतं. जे झेपायला वेळ लागतो, म्हणजे छापलेला पुरावा आपल्या वस्तीला लागू होतो का हे ओळखणं, त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहितेय.

मी बीएचएमएस करून साताऱ्याहून मुंबईत आले. पुराव्यावर आधारित आरोग्यसेवा हा विषय वर्गात ऐकला तेव्हा फारच आवडला. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये त्याची जी व्याख्या केली ती पाठ केली. तिच्यात संशोधनाच्या पुराव्याला डॉक्टरच्या अनुभवाची जोड द्यायला सांगितलंय, रुग्णाला काय हवंय हेही धरलंय. परीक्षेत मी तिन्ही गोष्टी लिहिल्या, मार्क मिळाले, आणि बाहेर पडताना डोक्यात फक्त पहिली राहिली.

पहिली नोकरी गोवंडीच्या बाजूला, एका छोट्या संस्थेत. काम गरोदर बायकांचं. मी अभिमानाने दोन रिसर्च पेपर घेऊन गेले. नेपाळमधल्या मकवानपूरचा 2004 चा आणि झारखंड-ओडिशातला 2010 चा. दोन्हीकडे गावातल्या बायकांचे गट करून, चित्रं दाखवून, अडचणी त्यांच्याच तोंडून काढून घेऊन नवजात बाळांचे मृत्यू जवळपास तिसऱ्या हिश्शाने कमी झाले होते. चांगल्या ट्रायल, म्हणजे काही ठिकाणी उपाय करून बाकीच्यांशी तुलना केलेले प्रयोग, चांगल्या जर्नलमधल्या. मी म्हटलं, आपणही हेच करू.

बैठक दुपारी तीनला ठेवली. घरातली माणसं कामावर, पोरं शाळेत, म्हणजे बायका मोकळ्या, असा माझा हिशोब. चित्रांची कार्डं चटईवर मांडली. दहा-बारा जणी आल्या. तिसरं कार्ड उचललं आणि गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "पानी आया!" दोन मिनिटांत चटईवर मी, कार्डं आणि एका आजींचा चष्मा. आमच्या सेविका ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, इथं तीनला पाणी येतं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

वेळ बदलली, तरी गाडी पुढे जाईना. सहा महिन्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं तर त्याच त्याच सह्या, आणि त्यातल्या बहुतेक सासवांच्या. सुना घरी बसून मणी ओवायचं नाहीतर धागे कापायचं काम करत होत्या, नगावर पैसे मिळणारं. बैठकीचा एक तास म्हणजे तेवढे पैसे गेले. आणि ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्या गरोदर मुली सातव्या-आठव्या महिन्यात 'गावाला' जात. गाव म्हणजे कधी जौनपूर, कधी जालना. बाळंतपण तिकडे, परत यायच्या तेव्हा बाळ तीन महिन्यांचं. मी नवजात बाळाचे पहिले 28 दिवस मोजायला निघाले होते आणि ते 28 दिवस माझ्या वस्तीत घडतच नव्हते.

खरी नामुष्की पुढेच आहे. वर्षभराने, रिपोर्ट लिहिताना, मला एक तिसरा पेपर सापडला. मुंबईचाच. इथल्या 48 वस्त्यांमध्ये याच पद्धतीची ट्रायल झाली होती, 2012 मध्ये निकाल छापून आला होता, आणि निकाल असा की बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. गावात बाळंतपणं घरी होत होती, तिथे नाळ कशाने कापायची, बाळाला उबदार कसं ठेवायचं, यातल्या बदलाला वाव होता. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीपासूनच दवाखान्यात. हे सगळं छापलेलं होतं, फुकट वाचता येत होतं. मी शोधताना 'महिला गट' टाकलं, 'नवजात मृत्यू' टाकलं, 'मुंबई' टाकलं नाही.

म्हणून फोनवर विचारणाऱ्याला मी आधी हे सांगते: सर्चमध्ये जागेचं नाव टाक. मग 'फरक पडला नाही' असं सांगणारे पेपर शोध. ते कमी दिसतात, शीर्षकं कंटाळवाणी असतात, पण नवख्या माणसाला त्यांच्याइतकं कुणी शिकवत नाही. कोक्रेन लायब्ररी, म्हणजे आरोग्यातल्या संशोधनाच्या आढाव्यांचा संग्रह, 2007 मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) देशभरासाठी खुली करून दिली होती; आता काय स्थिती आहे ते बघ. मुंबईचा तो पेपरही फुकटच होता, तेव्हा पैशांची सबब नको. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा सारांश, वाचून थांबू नको, तिथे सगळेच हुशार दिसतात. मी थेट 'पद्धत' या भागावर जाते आणि वहीत चार ओळी लिहिते: माणसं कोण, त्यांना काय दिलं, तुलना कुणाशी, मोजलं काय. डोंबिवली ते कुर्ला एवढ्यात होतं, बसायला मिळालं तर. चौथ्या ओळीवर मात्र अडून बसायचं. आमच्या क्षेत्रात 'किती बैठका झाल्या' हाच परिणाम म्हणून खपवायची जुनी सवय आहे, मीही खपवलंय.

टक्क्यांचं एक उदाहरण देते, तेही मुंबईचंच. टाटा मेमोरियलने 1998 मध्ये इथल्या झोपडवस्त्यांत सुरू केलेली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची ट्रायल. दीड लाखावर बायका; तपासायला दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे ट्रेनिंग घेतलेल्या आरोग्यसेविका; आणि तपासणीला ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिनेगर. ते लावून एखादा मिनिट थांबायचं, संशयास्पद जागा पांढरी दिसते. 12 वर्षांनी या कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये 31 टक्के घट. आता तोच आकडा दुसऱ्या बाजूने बघा: तपासणी न झालेल्या गटात दर लाख बायकांमागे वर्षाला साधारण 16 मृत्यू, तपासणीच्या गटात 11. म्हणजे लाखामागे पाच. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी जरा हिरमुसले होते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण वस्तीतल्या बाईला 31 सांगून पाच लपवणं मला आता जमत नाही. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीऐवजी नुसतं आरोग्यशिक्षण मिळालं, यावरून मोठा वाद झाला. तोही वाचा, दोन्ही बाजूंचा. वर्गात तो पाच मिनिटांत उरकतात.

ही तपासणी आम्ही नंतर वस्तीत घ्यायची ठरवली. यावेळी वेळ ताईंनी ठरवली, जागाही त्यांनीच. मी प्रस्तावनेत व्हिनेगर म्हटलं तर मागून आवाज आला, "ते चायनीजच्या गाडीवर असतं ते?" सगळ्या हसल्या, मीही. मग एकीने हळूच विचारलं, "मशीन नाही काही?" दुसरीने विचारलं, "लेडीज आहे ना बघणारी?" ही तयारी होती, उत्तरं पटापट दिली.

शेवटी बसलेली, कडेवर मूल असलेली एक बाई म्हणाली, "आणि दिसला डाग, तर जायचं कुठं? कोण नेणार? दिवस बुडेल त्याचं काय?"

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. परळला ओपीडी कुठल्या वारी, केसपेपर कुठे काढायचा, सोबत कोण येईल त्या दोघींचे नंबर, सगळं निळ्या शाईत. "दिवस बुडेल," त्या म्हणाल्या, "एक नाही, दोन बुडतील. आधीच सांगते."

त्या बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि यादीत नाव लिहायला सांगितलं.