शेवटच्या आजारातल्या भेटी: या चुका टाळा

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नायगावच्या बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत, आम्ही चर्चच्या मंडळीतले सात जण एका आजोबांच्या खाटेभोवती उभे होतो. प्रार्थना माझ्याकडे होती. ‘प्रभू, याला उठव’ वीस मिनिटं चाललं. डोळे उघडले तर आजी दाराशी, हातात धुतलेली चादर घेऊन ताटकळत उभ्या. आजोबांचं अंथरूण ओलं झालं होतं आणि आम्ही हलायचं नाव घेत नव्हतो.

घोळका नेऊ नका. दोघं पुरे. आधी फोन करा, ‘आज नको’ म्हणाले तर रागावू नका. स्टूल ओढून आजाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. दहा मिनिटांत उठा, दोन दिवसांनी परत जा.

फक्त बरं होण्याचीच प्रार्थना करू नका. ‘तुम्ही ठणठणीत होणार’ हे सगळ्यांनीच धरलं, की त्या माणसाची बोलायची वाट बंद होते. त्याला भावाशी मिटवायचं असतं, पीएफच्या कागदांचं सांगायचं असतं. ‘मी आता वाचत नाही ना?’ असं त्यानं विचारलं, तर घाईनं ‘छे छे’ म्हणू नका. ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. ही शांतता फार अवघड जाते, मला अजूनही जाते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे बायबलमधलं 23 वं स्तोत्र सावकाश वाचा. पाठ असलेल्यांचे ओठ आपोआप हलतात. शुद्ध हरपली तरी कानावर पडत असेल असं धरूनच बोला. त्याच्या अंगावरून बायकोला ‘किती दिवस म्हणाले डॉक्टर?’ असं विचारणारे मी पाहिलेत.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, देताना गिळता येतं का ते आधी विचारा. येत नसेल तर ओठांना द्राक्षारसाचा थेंब लावला तरी चालतं. आडव्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागतो. ओल्या कापसानं ओठ टिपा.

जोडीदाराला ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून निघू नका. कोणी सांगत नाही. ‘मंगळवारी चार ते सहा मी यांच्यापाशी बसतो, तुम्ही झोपा’ असं म्हणा. त्या आजी मला नंतर म्हणाल्या होत्या, “साहेब, मला नुसती पाठ टेकायची होती हो.” ‘रडू नका, त्यांना त्रास होईल’ हेही नको. बायको अंथरुणाला खिळलेली असेल, तर नवऱ्याला खाली टपरीवर चहाला न्या. घरात तोंड न उघडणारा माणूस रस्त्याकडे बघत बघत बोलू लागतो.

दुखणं म्हणजे वधस्तंभ, सोसा, असलं काही बोलू नका. मॉर्फिन या जोरदार वेदनाशामक औषधाला घरचे घाबरतात, व्यसन लागेल म्हणून. तुम्ही त्यात भर घालू नका, डॉक्टरांशी बोलायला सांगा. कॅन्सर असेल तर टाटा मेमोरियलच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या, विभागाची घरी येणारी टीम आहे, वांद्र्याला 1986 पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना सांभाळणारं शांती आवेदना सदन आहे. घरच्यांना कित्येकदा यातलं काहीच माहीत नसतं.

शेवटच्या दिवसांत हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून येतो, घशात घरघर होते. हे कानावर नसलं की जोडीदार रात्री दोनला टॅक्सी शोधत धावतो. डॉक्टरांना विचारून ही लक्षणं दोघं मिळून आधीच समजून घ्या. घरघर सुरू झाली तर एका कुशीवर वळवून बघायचं, हेही तेव्हाच ठरवा.

आणि एक रुक्ष काम. मृत्यू घरी झाला तर मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला लागतो, त्याशिवाय शिवडीच्या कबरस्तानातलं काम पुढे सरकत नाही. रात्री-अपरात्री कोणते डॉक्टर येतील ते आजच विचारा आणि त्यांचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयवर ठळक लिहून ठेवा.